अर्धशिशी आणि डोळ्यांपुढील चित्रें

शरीरास होणाऱ्या नाना दुखण्यांत डोकेंदुखीइतकें अविश्वासास पात्र झालेलें दुखणें दुसरें नसेल. ताप अंगास हात लावून कळतो, जखमेचें रक्त दिसतें, मोडलेल्या हातास फळी बांधलेली असते. परंतु डोकें दुखतें हें ज्याचें त्यानेंच सांगावयाचें आणि इतरांनीं तें मानावयाचें. त्यांतहि गणिताच्या तासाला किंवा परीक्षेच्या सकाळीं एखाद्या मुलाचें डोकें दुखूं लागलें, तर तें मानावयास कोणी सहसा तयार होत नाहीं. "तुझें दुखणें मनाचें आहे," असा निकाल देऊन वडील माणसें मोकळीं होतात. या निकालांत खऱ्याचा अंश आहे. परंतु त्यावरून काढला जाणारा अर्थ मात्र अगदीं उलटा आहे. मनाचा वेदनेशीं निकट संबंध आहे, पण तेवढ्यानें वेदना खोटी ठरत नाहीं. हा संबंध शास्त्रज्ञांनीं अलीकडच्या काळांत मोजून पाहिला, आणि तोहि मोठ्या साध्या साधनानें, म्हणजे माणसापुढें चित्रें ठेवून. त्या प्रयोगांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अर्धशिशी हा शब्द आपल्याकडे घरोघरीं ठाऊक आहे. चरक व सुश्रुत यांच्या ग्रंथांत हिला अर्धावभेदक म्हटलें आहे. ग्रीक वैद्य गॅलेन यानें वापरलेल्या ज्या शब्दावरून पुढें ‘मायग्रेन’ हें नांव निघालें, त्याचाहि अर्थ अर्धें डोकें असाच आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या वैद्यांस एकच खूण नजरेस पडली हें नवलच. तथापि दुखणें नेहमीं अर्ध्याच डोक्यांत असतें असें नाहीं. मुलांमध्यें तर तें पुष्कळदां दोन्ही कानशिलांत किंवा सर्व कपाळभर असतें, तेव्हां "अर्धें डोकें दुखत नाहीं, मग ही अर्धशिशी कसली?" हा आक्षेप टिकणारा नव्हे. वेदना बहुधा ठणक्याची असते, जिना चढल्यानें किंवा वाकल्यानें वाढते, मळमळ होते, उलटी होते, उजेड व आवाज नकोसा वाटतो. प्रौढ माणसास आलेला झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. मुलांचा कधीं कधीं त्याहून लवकर ओसरतो. कित्येकांस झटक्यापूर्वीं डोळ्यांपुढें चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत दुपटी-तिपटीनें अधिक आढळतो. शेजारच्या कर्नाटकांत घरोघर फिरून केलेली एक पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, दर १०० प्रौढांमागें सुमारें २५ जणांस वर्षाच्या काळांत अर्धशिशीचा त्रास झालेला होता. म्हणजे ज्या घरांत अर्धशिशी मुळींच नाहीं अशीं घरें आपल्या गांवांतूनहि फार थोडीं निघतील.

हा विकार मेंदूचा आहे व तो पुष्कळ वेळां घराण्यांत चालत येतो. अर्धशिशीच्या माणसाचा मेंदू जात्याच चटकन् चेतणारा असतो, आणि क्षुल्लक दिसणारें कारणहि त्यास पुरतें: उपास, जागरण, उन्हाची तिरीप, उग्र वास, मनाचा ताण. आमच्या घोडनदीच्या किंवा दौंडच्या चैत्र-वैशाखांतल्या उन्हांत अनवाणी डोक्यानें बाजार करून आलेल्यास हें निराळें सांगावयास नको. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनीं २००६ सालीं ९४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या रुग्णांत डोक्यावरून न्हाणें हेंच झटक्याचें निमित्त होत असे. पाश्चात्य पुस्तकांत न आढळणारें हें कारण आपल्या बायकांस मात्र पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें; त्यांचें म्हणणें कोणी लिहून घेतलें नव्हतें इतकेंच. कोठें कोठें अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वीं जिलबी खावयास देतात. या औषधास मुलांची हरकत नसते. जिलबींत कांहीं गुण आहे असें नव्हे. पण उपाशी पोट हें झटक्याचें एक ठरलेलें निमित्त असल्यामुळें सकाळीं लवकर पोटांत कांहीं पडणें हितकरच होय.

आतां चित्रांकडे वळण्यापूर्वीं वेदना म्हणजे काय याचा थोडा खुलासा केला पाहिजे. तापल्या तव्यास बोट लागलें कीं बोटांतील ज्ञानतंतु जी वर्दी धाडतात ती प्रथम पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जाते व तेथून मेंदूकडे चढते. डोक्याची व चेहऱ्याची वर्दी त्रिशाखी नांवाच्या मज्जातंतूवाटे मेंदूच्या बुंध्याशीं पोंचते, आणि अर्धशिशींत हाच मज्जातंतु चेततो. मेंदूंत शिरल्यावर या वर्दीच्या ढोबळ मानानें दोन वाटा होतात. एकीनें कोठें दुखतें व किती दुखतें हें कळतें. दुसरीनें तें किती नकोसें आहे हें कळतें. ही दुसरी वाट भय, शोक, किळस इत्यादि वृत्तींच्या केंद्रांमधून जाते. पण वर्दी केवळ खालून वर जाते असें नाहीं. वरूनहि खालीं हुकूम सुटत असतात. १९६५ सालीं रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं असें मांडलें कीं, मज्जारज्जूंत जणूं एक दार आहे. तें वेदनेच्या वर्दीस कमी-अधिक वाट देतें, आणि त्याची कडी कांहीं अंशीं मेंदूच्या हातीं आहे. त्यांच्या मांडणींतील कित्येक बारकावे पुढें बदलावे लागले, पण दाराची कल्पना टिकली. १९७५ सालीं स्कॉटलंडांतील अ‍ॅबरडीन येथें जॉन ह्यूजेस व हान्स कोस्टरलिट्झ यांस मेंदूंतच तयार होणारीं, अफूसारखें काम करणारीं द्रव्यें सांपडलीं, तेव्हां हें दार कसें लोटलें जात असावें याचाहि कांहीं उलगडा झाला.

कबड्डीच्या मैदानावर गुडघा सोलून निघतो आणि खेळाडूस तें डाव संपल्यावर कळतें, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहिलें आहे. यवत, वरवंड या आपल्याच वाटेनें तुकोबांची पालखी पंढरीस जाते. पायांस फोड आलेले वारकरी टाळांच्या ठेक्यावर चालत राहतात आणि मुक्कामावर बसल्यावर मग पाय चोळूं लागतात. दुसऱ्या महायुद्धांत इटलींतील आघाडीवर हेन्री बीचर नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें हीच गोष्ट अधिक कठोर स्वरूपांत पाहिली. भयंकर जखमा झालेल्या २१५ सैनिकांची त्यानें विचारपूस केली. त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश जणांस वेदना कमी करणारें औषध घ्यावें इतकें दुखत नव्हतें. ही माहिती त्यानें १९४६ सालीं प्रसिद्ध केली. बीचरचें म्हणणें असें पडलें कीं, जखम ही सैनिकाच्या दृष्टीनें मरणांतून सुटका होती; त्याच जखमेचा अर्थ शांततेच्या काळांतील नागरिकास संकट असा वाटतो, आणि म्हणून त्यास ती अधिक दुखते.

येथें कोणी विचारील कीं, मग भीतीनें वेदना कमी होते कीं वाढते? याचें उत्तर मोठें मार्मिक आहे. अमेरिकेंतील टेक्सस येथें रूडी व मीगर या संशोधकांनीं २००० सालीं दाखविलें कीं, संकट अगदीं अंगावर आलें असतां वाटणारें भय वेदना दडपतें. परंतु पुढें कांहीं तरी वाईट होणार, अशी नुसती काळजी लागून राहिली असतां वेदना वाढते. उंसांतून बिबट्या समोर आला तर पायांतला कांटा आठवत नाहीं; पण बिबट्या येईल या धास्तीनें रात्र काढणाऱ्यास तोच कांटा रात्रभर सलतो. आपल्याकडे ‘मन चिंती तें वैरी न चिंती’ म्हणतात, तें या दुसऱ्या अवस्थेस लागू पडतें. परीक्षेची काळजीहि याच जातीची होय.

मनुष्याच्या मनांत मुद्दाम एखादी वृत्ति उत्पन्न करून तिचा परिणाम मोजावयाचा, तर सर्वांस सारखें असें साधन पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रांत रति, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा व विस्मय असे आठ स्थायी भाव सांगितले आहेत, आणि ते रंगभूमीवर कसे उभे करावे याचाहि विचार केलेला आहे. प्रयोगशाळेंत रोज नाटक लावणें शक्य नाहीं. म्हणून अमेरिकेंतील फ्लॉरिडा विद्यापीठांत पीटर लँग व त्यांचे सहकारी यांनीं छायाचित्रांचा एक संग्रह सिद्ध केला. त्यांत हजाराहून अधिक चित्रें आहेत. तान्हें मूल, फुलें, पक्वान्नें. साधी टोपली, खुर्ची. फणा काढलेला साप, अपघात, जखमा. प्रत्येक चित्र किती प्रिय वाटतें व किती खळबळ उडवितें, याला पाहणाऱ्यांनीं १ पासून ९ पर्यंत गुण दिलेले आहेत. त्यामुळें एका देशांतला प्रयोग दुसऱ्या देशांत पडताळून पाहतां येतो.

प्रयोगाची रीत अशी: माणूस पडद्यावरील चित्र पाहत असतां त्याच्या हातावर किंवा पायावर विजेचा हलका धक्का किंवा लेसर किरणाचा चटका द्यावयाचा. चटका प्रत्येक वेळीं सारखाच. बदलतें तें फक्त चित्र. मग किती दुखलें तें त्यास विचारावयाचें, आणि त्याच क्षणीं मेंदूंत उठणारा विजेचा तरंगहि यंत्रानें टिपावयाचा. कारण तोंडानें सांगितलेल्या गोष्टीवर शंका घेतां येते, तरंगावर तितकी घेतां येत नाहीं. अशा प्रयोगांत सामान्यतः असें आढळलें कीं, प्रिय चित्रांनीं वेदना उतरते व अप्रिय चित्रांनीं चढते. पायास दुखापत झाली असतां पाय आपोआप मागें घेतला जातो, ही क्रिया मज्जारज्जूच्याच पातळीवर घडते, तिला मेंदूच्या विचाराची गरज नसते. परंतु रूडी यांनीं २००५ सालीं दाखविलें कीं, चित्र बदललें कीं या आपोआप होणाऱ्या हालचालीचा जोरहि बदलतो. पाहणाऱ्यानें खोटें सांगितलें असेल ही शंका येथें उरतच नाहीं. वरचा हुकूम थेट दारापर्यंत पोंचला, असाच याचा अर्थ होतो. २००६ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं आणखी एक बारकावा शोधला. अप्रिय चित्रांमध्येंहि ज्यांत दुसऱ्या माणसाच्या शरीराची वेदना दाखविलेली असते, तीं चित्रें आपली वेदना विशेष वाढवितात.

२००८ सालचा इटलींतील बारी शहरचा प्रयोग तर चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवावा. मरिना दि तोमासो व त्यांचे सहकारी यांनीं १२ निरोगी माणसांस पुष्कळशीं रंगचित्रें दाखवून, यांतलीं सुंदर कोणतीं, कुरूप कोणतीं, हें ज्याचें त्यास निवडावयास लाविलें. नंतर तीं चित्रें पाहत असतां हातावर लेसरचा चटका दिला. स्वतः सुंदर ठरविलेलें चित्र पाहतांना वेदना सर्वांत कमी वाटली व मेंदूंतील तरंगहि लहान झाला. नुसतें लक्ष दुसरीकडे गेलें म्हणून असें झालें म्हणावें, तर कुरूप चित्राकडेहि लक्ष जातच होतें. येथें मर्माची गोष्ट ही कीं, सुंदर कोणतें तें पंडितांनीं ठरविलें नव्हतें. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला व पुढें आपल्या पुणें जिल्ह्यांत मळवलीस आला. त्या छापील तसबिरींना कलापंडितांनीं पुष्कळ नांवें ठेविलीं. तरी ज्या आजीबाईंनीं त्या भिंतीवर लाविल्या त्यांच्या डोकेंदुखीवर कोणतें चित्र चालेल, याचा निर्णय त्या आजीबाईंनींच द्यावयाचा.

हें निरोगी माणसांचें झालें. अर्धशिशीच्या माणसांत निराळें काय असतें? दौंडच्या जंक्शनाजवळ राहणाऱ्यांस रात्रीच्या गाड्यांचा आवाज ऐकूं येत नाहीं. परगांवचा पाहुणा मात्र प्रत्येक शिटीला दचकून उठतो. कांहीं दिवसांनीं पाहुण्याचाहि कान मरतो. याला सराव म्हणावें. बेल्जममधील लिएज येथें ज्याँ शोएनेन यांनीं असें पाहिलें कीं, बुद्धिबळाच्या पटासारखी आकृति पुनः पुनः दाखविली असतां निरोगी माणसाच्या मेंदूचा प्रतिसाद हळूहळू मंदावतो. पण अर्धशिशीच्या माणसाचा, डोकें दुखत नसलेल्या दिवसांतहि, मंदावत नाहीं. लेसरच्या चटक्यांबद्दलहि इटलींत असेंच आढळलें. हा मेंदू जणूं कायमचा पाहुणा होय: प्रत्येक गाडी त्यास नवी. सर्वच प्रयोगशाळांस ही गोष्ट सारख्या स्पष्टपणें दिसलेली नाहीं हें खरें. तथापि अशा मेंदूवर भयाचीं चित्रें अधिक ठसत असतील, असा तर्क सहज होतो. बारीच्याच मंडळीनें २००९ सालीं चित्रांचा व लेसरचा प्रयोग अर्धशिशीच्या रुग्णांवर नेला. जर्मनींतील येना येथें २०११ सालीं नुसते वेदनावाचक शब्द वाचावयास दिले, तेव्हां रुग्णांच्या मेंदूंतील भावनांशीं निगडित भाग निरोगी माणसांहून अधिक जागृत झाले. २०१६ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन येथें फ्लॉरिडाच्या संग्रहांतील चित्रें दाखवून मेंदूच्या चुंबकीय प्रतिमा घेतल्या. अप्रिय चित्रांच्या वेळीं भावनांचीं केंद्रें रुग्णांत अधिक तीव्रतेनें काम करीत होतीं, आणि हे सर्व रुग्ण त्या वेळीं डोकेंदुखीपासून मुक्त होते.

हा स्वभाव आधीं कीं दुखणें आधीं? वारंवारच्या वेदनेनें मेंदू असा हळवा होतो, कीं असा मेंदू जन्मतःच मिळाल्यामुळें वेदना येते, हें रुग्ण व निरोगी यांची एकदां तुलना केल्यानें ठरत नाहीं. कदाचित् दोन्ही एकमेकांस वाढवीत असतील. दुसरेंहि एक पथ्य सांभाळलें पाहिजे. चित्रानें हातावरचा चटका सौम्य होतो यावरून चित्रानें अर्धशिशीचा झटका थांबतो, असें कोणी समजूं नये. झटक्यांत उजेडच टोंचतो. तेव्हां दुखत्या डोक्याच्या मुलापुढें मोबाईल धरून "हें बघ किती छान" म्हणणें म्हणजे जखमेवर मीठ होय. त्या वेळीं अंधारी खोली, शांतता, झोंप व डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध वेळेवर, हेंच खरें.

मन शिकवितां येतें, याचा मात्र चांगला पुरावा आहे. अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें १० ते १७ वर्षांच्या १३५ मुलामुलींवर झालेला प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांस एकच औषध चालू होतें. निम्म्यांस डोकेंदुखीविषयीं नुसती माहिती सांगितली. बाकीच्यांस श्वास संथ करणें, अंग सैल सोडणें, मनांत शांत दृश्य उभें करणें, घाबरविणारा विचार ओळखून बदलणें, असें शिक्षण दिलें. २० आठवड्यांनंतर पहिल्यांचे दुखण्याचे दिवस २८ दिवसांमागें ६.८ नीं कमी झाले, शिकलेल्यांचे ११.५ नीं. २०१७ सालचा दुसरा प्रयोग याहून विचार करावयास लावणारा आहे. मुलांस दोन नेहमींचीं प्रतिबंधक औषधें व औषध नसलेली गोळी अशी तुलना केली, तेव्हां बिनऔषधी गोळी घेणाऱ्या १०० पैकीं ६१ मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले. औषधें तिच्यापेक्षां सरस ठरलीं नाहींत. याचा अर्थ त्या मुलांचें दुखणें ढोंग होतें असा घेणारे पुष्कळ निघतील. बीचरच्या सैनिकांच्या जखमा ढोंगी होत्या काय, एवढेंच त्यांस विचारावें.

आतां पालकांशीं दोन शब्द. पूर्वीं भयानक चित्र पाहावयाचें तर जत्रेंत जावें लागे. आज पुणें–अहिल्यानगर रस्त्यावरचा अपघात किंवा बिबट्यानें ओढून नेलेल्या जिवाचें छायाचित्र, घटना घडून तास होण्यापूर्वीं शाळकरी मुलाच्या हातांतील मोबाईलवर येऊन पडतें, आणि तें बहुधा रात्रीं अंथरुणांत पाहिलें जातें. दुसऱ्याच्या शरीराची वेदना, उरांत काळजी, झोंपेची नासाडी व डोळ्यांवर झगमगता उजेड, हीं वर वर्णिलेलीं कारणें तेथें एकत्र येतात. ज्या घरांत अर्धशिशी आहे तेथें तरी निजण्यापूर्वीं हें यंत्र मुलापासून दूर राहील, तर बरें. उपाशी शाळेस धाडूं नये. दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचाहि हिशेब ठेवावा. महिन्यांत १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या असतील तर १० दिवस, असें तीन महिन्यांहून अधिक काळ चाललें तर त्या गोळ्याच नवी डोकेंदुखी उत्पन्न करतात.

कांहीं डोकेंदुख्या अर्धशिशी नसतात, व त्यांत चित्रांचा किंवा मनाचा विचार करीत बसणें घातक होय. क्षणांत विजेसारखी कडाडणारी वेदना, तापाबरोबर ताठलेली मान, डोक्यास मार लागल्यानंतरचें दुखणें, हातपाय लुळे पडणें, बोबडी वळणें, दृष्टि जाणें, किंवा पहांटे उलटीसह उठविणारी व दिवसेंदिवस वाढणारी डोकेंदुखी, यांपैकीं कांहीं दिसलें तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. बाकीच्यांसाठीं एक साधी वही पुरे: तारीख, दुखणें किती वाजतां सुरू झालें व किती वेळ टिकलें, आदल्या रात्रींची झोंप, शेवटचें खाणें, ऊन, न्हाणें, घेतलेली गोळी, आणि त्या दिवशीं मनास काय लागलें किंवा डोळ्यांनीं काय पाहिलें. शेवटचें सदर मुलानें स्वतःच भरावें, वडिलांनीं सांगून नव्हे. दोन महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढें ठेवली तर त्यांचा अर्धा वेळ वांचतो, आणि "कधीं दुखतें?" या प्रश्नास "नेहमींच" असें उत्तर देण्याची पाळी मुलावर येत नाहीं.